बेरीज वाटता येते, सरासरी नाही

साहचर्याचा नियम आपण सगळेच शाळेत शिकलो. २, ३ आणि ४ यांची बेरीज करताना आधी २ आणि ३ मिळवा किंवा आधी ३ आणि ४; उत्तर ९च. एवढ्या साध्या गोष्टीला नियम कशाला, असे तेव्हा वाटले असेल. संगणकशास्त्रात मात्र याच नियमावर मोठमोठी कामे उभी आहेत.

समजा, कोट्यवधी आकड्यांची बेरीज हजार संगणकांना वाटून दिली. प्रत्येकाने आपल्या वाट्याची बेरीज केली आणि शेवटी त्या बेरजा एकत्र केल्या. उत्तर बरोबर येणार, याची हमी साहचर्य देते. उत्तरे मागेपुढे आली तरी बिघडत नाही, कारण बेरीज क्रमनिरपेक्षही आहे. एखाद्याच्या वाट्याला काहीच आले नाही, तर तो शून्य कळवतो. साहचर्य पाळणारी क्रिया आणि शून्यासारखा अविकारक घटक असलेल्या रचनेला बीजगणितात ‘मोनॉइड’ म्हणतात.

आता सरासरी घ्या. एका तुकडीत १० मुले, सरासरी ८० गुण. दुसरीत ४० मुले, सरासरी ६०. या दोन सरासऱ्यांची सरासरी ७०, पण सर्व मुलांची खरी सरासरी ६४! संगणक इथे अडत नाही, तो मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. म्हणूनच ही चूक धोक्याची.

उपाय बीजगणितच सुचवते. सरासरी न कळवता एकूण गुण आणि मुलांची संख्या अशी जोडी कळवावी: ८०० व १०, २४०० व ४०. जोड्या मिळवल्या की ३२०० व ५०. भागाकार शेवटी, एकदाच. जोड्यांची बेरीज मोनॉइड आहे. ती खुशाल वाटून द्या.

गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली ‘मॅपरिड्यूस’ पद्धत मांडली. क्रिया साहचर्य पाळणारी व क्रमनिरपेक्ष असेल, तर प्रत्येक संगणकाने आपल्यापुरती गोळाबेरीज आधीच करावी, अशी सोय तीत आहे.

आयलेनबर्ग आणि मॅकलेन यांनी १९४५ साली मांडलेल्या ‘कॅटेगरी थिअरी’त हाच नियम आणखी व्यापक होतो. तिथे आकड्यांऐवजी क्रिया एकमेकींना जोडतात: एकीचे उत्तर दुसरीच्या हाती. मोनॉइड म्हणजे एकच वस्तू असलेली कॅटेगरी.

तेव्हा यापुढे कुणी सरासऱ्यांची सरासरी सांगितली, तर एवढेच विचारा: प्रत्येकीत माणसे किती होती?