बायोस उडाल्याची आवई

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत घरगुती संगणक दुरुस्त करणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतील पुष्कळ जण आपल्या कामात वाकबगार आहेत, हे आरंभीच कबूल करून त्यांच्या व त्यांच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी सारख्याच सहजतेने येणाऱ्या एका निवाड्याविषयी तक्रार नोंदवणे मला भाग आहे. तो निवाडा दोनच शब्दांचा आहे: 'बायोस उडाला.' संगणकाचे घड्याळ मागे गेले, की बायोस उडाला. डिस्प्ले येत नाही, की बायोस उडाला. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप बंद-चालू होऊ लागले, तरीही उडालेला असतो तो बायोसच. शिक्षाही ठरलेली असते: 'अपडेट मारून बघू, नाहीतर बोर्ड बदलावा लागेल.' आरोपीची कैफियत ऐकलेली नाही, साक्षीपुरावा तपासलेला नाही, आणि तरीही फैसला तयार! नौपाड्यातील सोसायटीच्या सभेपासून संध्याकाळच्या कसारा लोकलपर्यंत, एरवी विचारी असणाऱ्या गृहस्थांच्या मुखातूनही हा निवाडा इतक्यांदा ऐकू येतो, की त्याची एकदा सविस्तर तपासणी झालेली बरी.

बायोस म्हणजे मदरबोर्डवरील एका लहानशा, बहुधा आठ पायांच्या चिपमध्ये लिहून ठेवलेला प्रोग्राम. वीजप्रवाह सुरू होताच तो रॅम, कीबोर्ड, पडदा आणि डिस्क यांची हजेरी घेतो, प्रत्येकास कामाला लावतो, आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवून बाजूला होतो. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत हा मजकूर पुसता न येणाऱ्या रॉममध्ये कायमचा कोरलेला असे. आज तो फ्लॅश चिपमध्ये असतो आणि म्हणूनच बदलता येतो. आजच्या यंत्रांत खरे म्हणजे यूईएफआय या नव्या पद्धतीचे फर्मवेअर असते, परंतु लोक त्याला बायोसच म्हणतात आणि त्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ करण्याला. प्रोग्राम ही एक गोष्ट. घड्याळाची वेळ आणि वापरणाऱ्याने निवडलेली सेटिंग ही निराळी गोष्ट. प्रोग्राम फ्लॅशमध्ये असतो आणि त्याला टिकण्यासाठी बॅटरी लागत नाही. घड्याळ आणि त्याच्या सोबतीची सीमॉस स्मृती मात्र, १९८४ सालच्या आयबीएम पीसी एटीपासून आजतागायत, बॅटरीच्या आधारावर जगत आली आहे. आजच्या मदरबोर्डवर ती बॅटरी म्हणजे सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा, दोन सेंटिमीटर व्यासाचा चपटा सेल.

आता घड्याळ मागे जाण्याचे प्रकरण पाहू. सकाळी संगणक सुरू करावा तर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली, बँकेचे संकेतस्थळ 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून उघडण्यास नकार देणारे, आणि त्याआधी काळ्या पडद्यावर चेकसम चुकल्याचा व एफ-१ दाबण्याचा संदेश, अशी ही सर्वपरिचित लक्षणे. (संकेतस्थळांच्या सुरक्षा-दाखल्यांना आरंभाची आणि अखेरची तारीख असते, संगणकच भूतकाळात राहू लागला, तर आजचा दाखला त्याला अद्याप अमलात न आलेला वाटतो.) परंतु एफ-१ दाबा, हे सांगतो कोण? विंडोज त्या वेळी सुरूही झालेले नसते. तो संदेश बायोसचाच असतो. आणि दाराची कडी वाजवल्यावर आतून जो गृहस्थ 'घरात कोणी नाही' असे ओरडून सांगतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून परत फिरावे, त्यातलाच हा प्रकार झाला. जो बायोस स्वतःच्या तक्रारीचे निवेदन पडद्यावर लिहून दाखवतो, तो उडालेला नसतो. सेल संपलेला असतो. शंभर रुपयांच्या आत मिळणारा नवा सेल बसवावा, वेळ लावावी, सेटिंग पाहावी, आणि प्रकरण दाखल दफ्तर करावे.

हा सेल आपल्याकडे लवकर का संपतो, यालाही एक घरगुती कारण आहे. यंत्र बंद असले तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडा प्रवाह देत राहतो आणि घड्याळ त्या प्रवाहावर चालते. बटण बंद केले की सगळा भार सेलवर पडतो. झोपण्यापूर्वी घरातील सर्व बटणे बंद करण्याची आपली जुनी शिस्त विजेच्या दृष्टीने रास्तच आहे आणि ती मोडावी असे मी सुचवत नाही. फक्त तिची किंमत दर काही वर्षांनी एका सेलच्या रूपाने द्यावी लागते, एवढे ध्यानात असावे.

डिस्प्ले न येण्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे बायोस खरोखर बिघडलेला असण्याचा संभव असतो. पण तो संभव यादीच्या तळाशी येतो, माथ्यावर नव्हे. पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो, हे लक्षण सैल बसलेली रॅम, दुबळा पॉवर सप्लाय, प्रोसेसरला वीज देणारी न जोडलेली केबल, बिघडलेले ग्राफिक्स कार्ड आणि, हसू नये, चुकीच्या ठिकाणी लावलेली मॉनिटरची केबल या सर्वांना सामाईक आहे. ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या छिद्रात लावून बोर्डाला मृत ठरवणारे महाभाग विरळ नाहीत. म्हणून आधी केबल पाहावी. मग वीज पूर्ण तोडून रॅमच्या पट्ट्या काढाव्यात, त्यांची सोनेरी टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसावीत आणि एकेक पट्टी लावून यंत्र सुरू करून पाहावे. मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि रस्त्यांच्या अखंड धुळीत या उपायाने बरे होणारे संगणक थोडेथोडके नाहीत. आणि २०१४ च्या जानेवारीत ज्या शहरात हिरवा पाऊस पडल्याची बातमी गाजली, त्या डोंबिवलीच्या रहिवाशांना हवेतील द्रव्यांविषयी मी वेगळे काय सांगावे? एवढ्याने भागले नाही तर सीमॉस पुसण्याचा जंपर पुस्तिकेत पाहून वापरावा, ग्राफिक्स कार्ड काढून पाहावे, बोर्डावर निदानाचे दिवे असतील तर कोणता दिवा अडून राहतो ते टिपून घ्यावे, आणि स्पीकर जोडलेला असेल तर बीप मोजावेत. बीपांचा अर्थ निर्मात्यानुसार बदलतो, तेव्हा शेजाऱ्याच्या संगणकाची संहिता आपल्या संगणकाला लावू नये. बीप ऐकू आला, तर बायोस निदान काही अंशी तरी जिवंत आहे एवढे सिद्ध झाले.

मग ही आवई इतकी रुजली कशी? तिला पूर्वी आधार होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच ऊर्फ चेर्नोबिल या नावाच्या, तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेल्या विषाणूने जगभर हाहाकार केला. तो डिस्कच्या आरंभीचा भाग पुसून टाकी आणि काही मदरबोर्डांवरील फ्लॅश बायोसवरही कचरा लिही. त्या संगणकांचे बायोस अक्षरशः उडाले होते. पुढे भारनियमनाची वर्षे आली, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होई, कारण त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर परतीची वाट नव्हती. त्या दहशतीची स्मृती उरली, तिचे कारण मात्र विस्मृतीत गेले. विंडोज ९५ आणि ९८ यांच्याबरोबर तो विषाणू इतिहासजमा झाला आहे.

याच दहशतीचे उलटे टोक म्हणजे 'बायोसला कधीही हात लावू नये' हा उपदेश. तो निम्माच खरा आहे. संगणक सुरळीत चालत असेल तर बायोस बदलू नये, असे गिगाबाइटच्या मदरबोर्ड-पुस्तिकांतच लिहिलेले आढळते. परंतु कारण असेल तर अपडेट हाच उपाय असतो. २०२२ च्या आरंभी आलेले बी ६६० किंवा एच ६१० चिपसेटचे बोर्ड बाराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांसाठी तयार झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तेरावी पिढी आली. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून जुन्या साठ्यातला बोर्ड आणि नवा प्रोसेसर आणून घरी जोडला, तर कोराकरकरीत संगणक डिस्प्ले देत नाही. तेथे दोष कोणाचाच नसतो, बोर्डाला त्या प्रोसेसरची ओळख नसते इतकेच. इंटेलने २०२४ साली तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना अवाजवी व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे मान्य केले आणि त्यावरील सुधारणा बायोस अपडेटच्या मार्गानेच दिली. झालेली इजा तिने भरून येत नाही, पुढची टळते. असे प्रोसेसर वापरणाऱ्याने 'हात लावू नये' या उपदेशावर विसंबणे म्हणजे नुकसानीला संमती देणे होय.

किरकोळ गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेतो. बायोस अपडेटने संगणक वेगवान होत नाही. वेग हवा असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. डिस्क फॉरमॅट मारल्याने बायोस दुरुस्त होत नाही, कारण तो डिस्कवर नसतोच. त्याच कारणाने अपडेटमुळे फोटो आणि दस्तऐवज पुसले जात नाहीत. 'साधारण सारख्या' बोर्डाची फाइल चालत नाही. बीटा आवृत्ती ही 'नवीन म्हणजे उत्तम' या न्यायाने घेण्याची वस्तू नव्हे.

प्रत्यक्ष अपडेटची तजवीज मात्र सावकाश करावी. बोर्डाचे पूर्ण नाव आणि छापलेली रिव्हिजन पाहून फाइल निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवावी, झिप सोडवून फॅट ३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ठेवावी, चालू सेटिंगच्या पानांची मोबाइलने छायाचित्रे घ्यावीत, आणि बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप चालू असेल तर ते तात्पुरता स्थगित करून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. नंतर की मागणारा निळा पडदा पाहून हवालदिल होण्यापेक्षा हे सोपे. महावितरणचा नियोजित बंदचा संदेश आला असेल तो दिवस टाळावा. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी जिवंत आहे का, हे आधी प्लग काढून पाहावे, कारण घरोघरचे कित्येक यूपीएस केवळ शोभेचे असतात. काम चालू असताना बटणाला स्पर्श करू नये, आणि नंतरच्या पहिल्या आरंभी पडदा काही मिनिटे काळा राहिला तरी धीर धरावा. डीडीआर ५ रॅमच्या बोर्डांना तिची जुळवणी नव्याने करण्यास वेळ लागतो, आणि नेमक्या त्या घडीला घाईने वीज तोडणारेच पुढे 'उडाला' म्हणून हाकाटी करतात. अपडेटनंतर सेटिंग मूळ पदावर येते. डिस्कची आरएआयडी किंवा एएचसीआय ही निवड बदलल्याने विंडोज सुरू झाले नाही, तर विंडोज पुन्हा टाकू नये, छायाचित्र पाहून ती निवड पूर्ववत करावी.

आणि इतके करूनही बायोस खरोखरच बिघडला, तरी बोर्ड फेकण्याचे कारण नाही. अनेक बोर्डांवर पेन ड्राइव्हवरून बायोस पुन्हा लिहिणारे स्वतंत्र बटण असते. आसूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतो, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. त्यासाठी प्रोसेसर वा रॅम बसवलेली असण्याचीही गरज नसते, फाइलचे नाव मात्र पुस्तिकेत सांगितले आहे तेच लागते. बटण नसेल तर चिपला क्लिप लावून प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने मजकूर नव्याने लिहिता येतो. ते काम सोपवण्यापूर्वी कारागिराला दोन प्रश्न विचारावेत: चिप ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची, हे पाहिले का. आणि लिहिण्यापूर्वी जुना मजकूर वाचून जतन केला का. बोर्डाचा अनुक्रमांक आणि पुष्कळदा नेटवर्कचा मॅक पत्ता त्याच चिपमध्ये असतो, आणि संकेतस्थळावरची फाइल तशीच वर लिहिली तर तो परत मिळत नाही.