पिकत जाणारा पोशाख

जपानी भाषेत 'शिबुई' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ तुरट. तिथे 'काकी' नावाचं नारिंगी रंगाचं फळ होतं. हिमाचल-काश्मीरकडे त्यालाच 'जपानी फळ' म्हणतात आणि आपल्या रानातली टेंभुर्णी ही त्याची जवळची बहीण. कच्चं काकी खाल्लं की जीभ आखडते, टाळा कोरडा पडतो. ती चव म्हणजे शिबुई. गंमत अशी, की हाच शब्द जपानी माणूस कौतुकासाठीही वापरतो. एखाद्या गायकाचा मुरलेला आवाज शिबुई, मातीचा जुना चहाचा पेला शिबुई आणि एखाद्या पन्नाशीपुढच्या गृहस्थाचा पोशाखही शिबुई. असा पोशाख चारचौघांत पुढे पुढे करत नाही. मात्र एकदा नजर गेली, की तिथेच रेंगाळते. लहान मुलाला गोड आवडतं. तुरट आवडायला वय लागतं.

पुरुषाच्या कपड्यांवर काय बोलायचं, असं काही जणांना वाटेल. पण थोडं आजूबाजूला पाहा. पन्नाशी ओलांडली की आपल्याकडे पुरुषांचे दोन पंथ होतात. एक म्हणतो, 'आता या वयात कोण बघतंय?' आणि मुलाचे टाकून दिलेले टी-शर्ट घालून बाजारात जातो. दुसरा केस काळेभोर करतो, घट्ट जीन्समध्ये पोट कोंबतो आणि मुलाशीच स्पर्धा लावतो. पहिल्यानं वयापुढे हात टेकलेत, दुसऱ्यानं वयाशी भांडण मांडलंय. वयाशी मैत्री करणारा तिसरा रस्ता आहे का, हा माझ्या पिढीचा खराखुरा प्रश्न आहे. जपानमध्ये आज दर दहा माणसांमागे जवळजवळ तीन माणसं पासष्टीच्या वरची आहेत. त्यामुळे या प्रश्नाचा विचार तिथे बराच झाला आहे.

सुरुवात किमोनोपासून करू. किमोनोचं कापड सव्वा फुटाच्या आसपास रुंद आणि साधारण बारा मीटर लांब असतं. ते सरळ रेषेत, आयताकृती तुकड्यांत कापतात. त्यात गोलाई नाही, त्यामुळे चिंध्या जवळजवळ निघतच नाहीत. कपडा मळला, की शिवण उसवायची, तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून सलग पट्टा करायचा, तो धुऊन ताणून वाळवायचा आणि पुन्हा शिवायचा, अशी जुनी रीत होती. पुन्हा शिवताना माप बदलता येतं, बापाचा कपडा मुलाला बसवता येतो. पुरुषांच्या किमोनोचा कमरपट्टा पोटाच्या खाली बांधतात. म्हणून थोडं पोट सुटलेल्या माणसालाच किमोनो अधिक शोभतो, असं तिथे मानतात! वाढलेलं पोट ज्या पोशाखात शोभून दिसतं, तो पोशाख वय झालेल्या माणसाचा विचार करूनच घडला असणार.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, तिथे शोगुनांची सत्ता होती. कोणी रेशीम घालायचं, कोणते रंग वापरायचे, याचे हुकूम वेळोवेळी निघत. व्यापाऱ्यांकडे पैसा होता, पण तो दाखवायला बंदी. मग त्यांनी तपकिरी आणि करड्या रंगांतच बारीक बारीक छटा शोधल्या. 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे' अशी म्हणच पडली. आणि किमोनोवर घालायच्या 'हाओरी' या कोटाला बाहेरून साधं कापड लावून आतल्या अस्तरावर डोंगर, वाघ, समुद्र अशी चित्रं काढून घेतली. ती कोट काढताना क्षणभर दिसायची, तेवढीच. बंदी उठली, पण ती आवड मागे राहिली: श्रीमंती अस्तराला, साधेपणा बाहेर.

पुढे मेईजी काळात वारं फिरलं. १८७१ साली डोक्यावरची पारंपरिक शेंडी कापायला सरकारनं मोकळीक दिली आणि १८७२ साली दरबारी समारंभासाठी पाश्चात्त्य पोशाख ठरवला. उंच कॉलरच्या विलायती सदऱ्यावरून 'हाईकारा' हा शब्द तिथल्या भाषेत आला आणि त्याचा अर्थ झाला 'आधुनिक, ऐटबाज'. कचेरीत सूट आणि घरी किमोनो, असा दुहेरी संसार सुरू झाला. आपल्याकडेही कोट-टोपीखाली धोतर नेसून कचेरीत जाणारी माणसं होती, त्यामुळे ही कसरत आपल्याला परकी वाटू नये. १९४० साली, युद्धाच्या दिवसांत, सरकारनं पुरुषांसाठी खाकी रंगाचा 'राष्ट्रीय पोशाख' ठरवून दिला. साधेपणा माणसानं स्वतः निवडला तर ती रुची, वरून लादला तर तो गणवेश. हा फरक विसरता कामा नये. आजही तोक्योच्या लोकलमध्ये एकसारखे गडद सूट घातलेले हजारो नोकरदार दिसतात. त्या सगळ्यांना मी शिबुई म्हणणार नाही.

युद्धानंतर केन्सुके इशिझू या माणसानं जपानी पुरुषांना कपडे घालायला पुन्हा शिकवलं. त्यांचा जन्म १९११चा, ओकायामाचा. त्यांच्या 'व्हॅन' या कंपनीनं अमेरिकी विद्यापीठांतल्या मुलांचा पोशाख जपानमध्ये रुजवला: सुती पँट, कॉलरला बटणं असलेला सदरा, निळा ब्लेझर. १९६४ साली असे कपडे घालून तोक्योच्या गिन्झा भागात मियुकी रस्त्यावर उभी राहणारी पोरं पोलिसांनी धरून नेली, कारण महिन्याभरावर ऑलिम्पिक आलं होतं आणि परदेशी पाहुण्यांसमोर हे 'टवाळखोर' नको होते. दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, 'टेक आयव्ही' हे अमेरिकी विद्यापीठांतल्या पोशाखांच्या छायाचित्रांचं पुस्तक जपानमध्ये निघालं. पंचेचाळीस वर्षांनी, २०१० साली, त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत आली आणि अमेरिकी माणसं स्वतःचाच जुना पोशाख जपानी पुस्तकातून शिकू लागली.

'व्हॅन' कंपनी १९७८ साली बुडाली. पण इशिझूंनी रुजवलेली तीन अक्षरं टिकली: टी, पी, ओ. वेळ, जागा आणि प्रसंग. कपडा चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वेळी, कुठे आणि कशासाठी, हे विचारा. गिन्झात धरलेली ती पोरं आज ऐंशीच्या घरात असतील आणि तो निळा ब्लेझर अजूनही चालतो. काळाच्या पलीकडचा पोशाख म्हणतात तो हाच. त्याला तारुण्याची गरज लागत नाही.

आता जीन्सकडे येतो, कारण इथे आपलाही धागा गुंतला आहे. कामकऱ्यांच्या जाड्याभरड्या कपड्याला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात. तो शब्द 'डुंगरी' या जाड सुती कापडावरून आला आणि त्या कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीशी जोडलं जातं. ओकायामा प्रांतातल्या कोजिमा भागात शाळेचे गणवेश शिवले जात. तिथे १९६५ साली अमेरिकेहून आणलेल्या कापडाची जीन्स शिवली गेली आणि १९७३ साली कुराबो गिरणीनं जपानी डेनिम विणलं. डेनिमचं सूत निळीत पुन्हा पुन्हा बुडवून हवेवर धरतात. रंग वरवर चढतो, सुताचा गाभा पांढरा राहतो. म्हणून वापरता वापरता गुडघ्यावर, खिशाच्या कडेला, मांडीच्या घडीवर पांढरेपणा उमटतो. ती जीन्स ज्यानं वापरली, त्याच्या बसण्या-उठण्याची नोंद तिच्यावर होते. काकीच्या कच्च्या फळाचा रस आंबवून त्यातही कापड रंगवतात. त्याची तऱ्हा उलटी. ते उन्हात वर्षानुवर्षं अधिक गडद होत जातं. एक कापड फिकं होतं, एक गडद होतं, पण पिकतात दोन्ही.

हे उत्तम डेनिम तिथे जुन्या, धोट्याच्या मागांवर विणतात. हे माग सावकाश चालतात. धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो आणि परततो, त्यामुळे काठ आपोआप बांधला जातो, उसवत नाही. कापडाचा पन्हा जेमतेम अडीच फूट. नव्या मागांवर कितीतरी पट वेगानं, दुप्पट पन्ह्याचं कापड निघतं. तरी कोजिमाच्या परिसरात काही जणांनी हे जुने माग जपले, तेल घातलं, सुटे भाग शोधून आणले आणि त्या मंद गतीचीच किंमत वसूल केली.

हे वाचताना माझ्या पोटात तुटतं. मी मालेगावचा. धोट्याचा खडखडाट हीच माझी अंगाई. आमच्या गल्लीतले साधे यंत्रमाग मी भंगारात किलोच्या भावानं जाताना पाहिले आहेत. मागवाल्याचा दोष नव्हता. त्याच्या कापडाला मीटरमागे पैशांत मोजावा असा नफा सुटत होता. धोट्याचा माग तिकडेही होता, इकडेही होता. तिकडे त्या कापडासाठी जास्त पैसे मोजणारं, ते दहा वर्षं वापरणारं गिऱ्हाईक उभं राहिलं. आपण मात्र स्वस्त कापड मागत राहिलो आणि ते वर्षभरात फेकत राहिलो. पोशाखाची रुची हा केवळ आरशापुढचा मामला नसतो. तिच्यावर कोणाची तरी चूल पेटते किंवा विझते.

जपानच्या उत्तरेला, आजच्या आओमोरी प्रांतात, थंडी कडाक्याची आणि कापूस पिकत नाही. तिथल्या त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला एके काळी मनाई होती. मग बायकांनी भांगेच्या रोपाच्या सालीच्या धाग्यापासून विणलेल्या विरळ कापडावर सुती दोऱ्याचे टाके घालून ते जाड आणि उबदार केलं. फाटलं तिथे ठिगळ, ठिगळावर ठिगळ आणि त्यावर धावदोरा. या शिलाईला 'साशिको' म्हणतात आणि अशा ठिगळांच्या कपड्याला 'बोरो', म्हणजे चिंध्या. आपल्या गोधडीचा टाका तो हाच. एके काळी लाजेनं लपवलेले ते कपडे आज संग्रहालयांत काचेमागे आहेत आणि त्यांची नक्कल केलेली महागडी जॅकेटं दुकानांत लटकतात. कारखान्यात मुद्दाम फाडून ठिगळ लावलेलं जॅकेट मला पटत नाही. ठिगळ लावायला आधी कपडा झिजावा लागतो.

माझे अब्बा मागावर काम करायचे. त्यांच्याकडे जुम्म्याच्या नमाजासाठी दोन पांढरे सदरे होते. कॉलर विरली, की मोहल्ल्यातला शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा लावायचा. विरलेली बाजू आत, चांगली बाहेर. सदऱ्याला आणखी दोन-तीन वर्षं मिळायची. अब्बांना जपान नकाशावरही दाखवता आलं नसतं, पण त्यांचा तो सदरा शिबुई होता, हे मला आता कळतं.

अलीकडच्या दोन जपानी शिंप्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. योहजी यामामोतो १९४३ साली जन्मले. वडील युद्धात गेले, आईनं कपडे शिवून मुलाला वाढवलं. १९८१ साली त्यांनी पॅरिसमध्ये काळे, सैल, अंगापासून दूर राहणारे कपडे आणले. त्यांचे पुरुषांचे कोट छाती-पोटाची मापं जगाला सांगत नाहीत. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवेला जागा ठेवतात. दुसरे इस्सेई मियाके. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. २०२२ साली ते गेले. अमेरिकी उद्योजक स्टीव्ह जॉब्ज यांचे ते प्रसिद्ध काळे, उंच गळ्याचे टी-शर्ट त्यांनीच करून दिले. २०१३ साली त्यांच्या कंपनीनं पुरुषांसाठी चुण्यांचे कपडे आणले. त्यांना इस्त्री नको आणि अंग वाढलं-घटलं तरी चुणी सांभाळून घेते. हे कपडे महाग आहेत, तुमच्या-माझ्या खिशाचे नाहीत. पण त्यामागचा विचार फुकट मिळतो.

तो विचार असा. कपडे कमी घ्या, पण खांद्यावर नीट बसणारे घ्या. सदऱ्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली, की बाकी पुष्कळ माफ होतं. रंग थोडे, एकमेकांशी बोलणारे असावेत. शिंप्याशी आणि रफूगराशी ओळख ठेवा. आणि हवामानाशी भांडू नका. २००५ सालच्या उन्हाळ्यात जपान सरकारनं 'कूल बिझ' मोहीम काढली: कचेरीतली वातानुकूलन यंत्रं अठ्ठावीस अंशांवर आणि कर्मचाऱ्यांनी टाय-कोट काढून ठेवायचे. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता वावरू लागले. जो देश पोशाखाच्या शिस्तीसाठी ओळखला जातो, त्याला टाय सोडता आला. आपण मे महिन्यातल्या लग्नात नवरदेवाच्या बापाला सुटात का उकडतो, हे मला उमजलेलं नाही.

एक प्रथा सांगून थांबतो. जपानमध्ये माणूस साठ वर्षांचा झाला की 'कानरेकी' साजरा करतात. त्यांच्या पंचांगाचं चक्र साठ वर्षांचं, आपल्या संवत्सरांसारखंच. चक्र पुरं झालं म्हणजे माणूस नव्यानं जन्मला. तान्ह्या बाळाला जपानीत 'आका-चान' म्हणतात आणि 'आका' म्हणजे लाल. म्हणून साठीच्या आजोबांना लाल बिनबाह्यांची बंडी आणि लाल टोपी घालतात. आयुष्यभर करडा आणि तपकिरी जपलेला माणूस त्या दिवशी लाल लेऊन नातवंडांमध्ये बसतो आणि कोणी हसत नाही. कारण तो रंग त्यानं कुणाशी स्पर्धा करायला घातलेला नसतो, साठ वर्षं जगून कमावलेला असतो. माझी साठी आता फार लांब नाही. लाल बंडीचं कापड कुठल्या मागावरचं घ्यायचं, हे मी आत्तापासूनच ठरवतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)