वचनं शरणांची, जुळणी संपादकांची

गैरसमज : ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथ म्हणजे शरणांच्या अनुभवमंटप या सभेतल्या चर्चेचं इतिवृत्त.

धारवाडात भलेभले हे छातीठोकपणे सांगतात. शरण, म्हणजे वचनं रचणारे कन्नड शिवभक्त संत, १२व्या शतकातले. ग्रंथ मात्र विजयनगरच्या काळात आकाराला आला, आणि तोही चार वेळा. शिवगणप्रसादी महादेवय्यांनी सुटी वचनं अल्लमप्रभू या शरणाभोवती संवादरूपात ओवली. पुढच्या तिघांनी त्यात फेरफार केले, भर घातली. शरणी अक्कमहादेवी मंटपात येते आणि अल्लमप्रभू तिची उलटतपासणी घेतात, तो गाजलेला प्रसंगच पाहा. प्रश्न आणि उत्तर म्हणून समोरासमोर आलेली वचनं मुळात सुटी आहेत. कशाला काय उत्तर, हे जुळवणाऱ्यानं ठरवलं, मधलं निवेदनही त्याचंच. कर्नाटक विद्यापीठानं या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर पाच खंडांत काढलंय. हवं त्यानं पडताळावं.

गैरसमज : असले उद्योग आपल्याकडेच, ज्यूंची ‘नीतिसूत्रे’ शलमोन राजानं एकहाती लिहिली.

२५व्या अध्यायाचा मथळाच सांगतो की पुढची सूत्रं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढली. दोन्ही राजांमध्ये दोन शतकांहून अधिक अंतर! ३०वा अध्याय आगूरच्या नावावर, ३१व्याच्या सुरुवातीला लमुएलच्या आईचा उपदेश. २२व्या अध्यायात सुरू होणारा एक भाग तर इजिप्तच्या आमेनेमोपेच्या उपदेशाशी थेट नातं सांगतो. ज्यूंच्या स्तोत्रसंहितेतही तेच. आत विलाप, स्तुती, देवळातली गाणी. पण पहिल्याच स्तोत्रात देवाला हाक नाही, नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे. गाण्यांच्या पोथीला अभ्यासाची पोथी करणारा हा हात ज्ञानपरंपरेतल्या शास्त्र्यांचा, असं अनेक अभ्यासक मानतात.

गैरसमज : मग संपादन म्हणजे भेसळच.

धारवाडात जन्मलेल्या फ. गु. हळकट्टींनी विजापुरात वकिली सांभाळून ताडपत्रं जमवली, १९२३ मध्ये ‘वचनशास्त्रसार’ काढलं. ते नसते तर वाद घालायलाही वचनं उरली नसती. पुढे धारवाडच्याच एम. एम. कलबुर्गींच्या देखरेखीखाली समग्र वचनांचे १५ खंड झाले.

मर्यादा मात्र आहे. लिंगायत धर्मगुरू माते महादेवींनी ‘वचनदीप्ती’ या पुस्तकात शरणांचे अग्रणी बसवण्णा यांच्या वचनांतली ‘कूडलसंगमदेव’ ही नाममुद्रा काढून ‘लिंगदेव’ घातली. क्रम लावणं वेगळं, सही बदलणं वेगळं. १९९८ मध्ये कर्नाटक सरकारनं पुस्तकावर बंदी घातली, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. मला बंदीपेक्षा दोन्ही पाठ शेजारीशेजारी छापलेले आवडले असते.