सगळंच जुळतं, तिथं संशय घ्यावा

शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो तेव्हा पोरं हमखास विचारायची, ‘सर, ज्योतिष हे विज्ञान का नाही? खरं ठरतं की कधीकधी!’ मग मी कार्ल पॉपरला वर्गात आणायचो.

जन्म व्हिएन्नाचा, १९०२ चा. तत्त्वज्ञ होण्याआधी हा माणूस सुतारकाम शिकला, शाळामास्तरही झाला (म्हणून मला जरा जास्तच जवळचा). १९१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांना त्यानं एका मुलाची हकिगत सांगितली. आडलरनी पोराला न बघताच न्यूनगंडाचं निदान केलं. एवढी खात्री कशावरून? तर म्हणे, हजार वेळचा अनुभव. पॉपरचा शेरा: म्हणजे आता हजार एक झाले!

त्याच वर्षी २९ मेच्या खग्रास ग्रहणात, सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो ते मोजलं गेलं. आकडा आइन्स्टाइननं आधीच सांगून ठेवला होता. तो चुकता तर सिद्धान्तच गोत्यात येता. पॉपरला ही जोखीम भावली. जे खोटं ठरण्याची सोयच ठेवत नाही ते विज्ञान नव्हे, असं त्यानं १९३४ च्या ग्रंथात मांडलं.

मला मात्र एक गोष्ट खटकते. युरेनसची कक्षा गणितात बसेना, तेव्हा न्यूटनला कुणी टाकलं नाही. न दिसलेला ग्रह गृहीत धरला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधासाठीही हीच युक्ती लढवली, ग्रहाला ‘व्हल्कन’ असं नावही ठेवलं. तो कधी सापडलाच नाही. बुधाचा हिशेब १९१५ मध्ये जुळवला तो आइन्स्टाइननंच.