पडद्यामागचा दुभाषी

बेंगळुरू शहराच्या पूर्वेस, जुना विमानतळ रस्ता आणि आउटर रिंग रोड जेथे एकमेकांस मिळतात, तेथे मारतहळ्ळी ही वस्ती आहे. एके काळच्या या खेड्यात आज माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये, संगणक-शिक्षणाचे वर्ग आणि परगावांहून आलेल्या तरुणांची वसतिगृहे दाटीवाटीने उभी आहेत. सोलापूर, सांगली या भागांतून नोकरीच्या शोधात येथे येणाऱ्याला पहिली अडचण येते ती भाषेची. भाजीवाली कन्नड बोलते, याला मराठी येते. दोन्ही भाषा जाणणारा कोणी शेजारी मध्ये उभा राहिला, की व्यवहार सुरळीत पार पडतो. संगणकातही असाच एक दुभाषी असतो. त्याला ‘ड्रायव्हर’ असे म्हणतात.

ड्रायव्हरचे कार्य

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. परंतु प्रत्येक कंपनीच्या कार्डाची आज्ञा स्वीकारण्याची रीत निराळी असते. कार्यप्रणालीची आज्ञा त्या कार्डाला समजेल अशा रूपात पोहोचविणे, हे ड्रायव्हरचे काम होय. हे काम लहान नाही. आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असलेल्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने रेखाटायचे, तर दर सेकंदास १२ कोटींहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. योग्य ड्रायव्हर नसेल, तर अक्षरे अवाढव्य दिसतात, चित्रफीत अडखळते किंवा पडदा काळाच राहतो.

मुक्त स्रोत आणि ड्रायव्हर

ज्या आज्ञावलीची मूळ लिखावट कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि इतरांस देता येते, तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. या चळवळीच्या मुळाशी एका यंत्राचीच कथा आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत होते. तेथील नव्या छपाई-यंत्रात कागद वारंवार अडकत असे. कागद अडकताच वापरणाऱ्यांना सूचना मिळावी, अशी सुधारणा त्यांनी जुन्या यंत्राच्या बाबतीत केली होती. नव्या यंत्राच्या आज्ञावलीचा स्रोत मात्र त्यांना नाकारण्यात आला. या अनुभवाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘लिनक्स’चा गाभा प्रसिद्ध केला.

कार्यप्रणाली मुक्त झाली, तरी ग्राफिक्स कार्डांची अंतर्गत माहिती पुष्कळदा कंपन्यांकडेच राहिली. इंटेलने आपले लिनक्स-ड्रायव्हर खुले ठेवले. एएमडीने २००७ पासून आपल्या कार्डांची माहिती खुली करण्यास प्रारंभ केला. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर दीर्घकाळ बंद होता. म्हणून स्वयंसेवकांनी कार्डाच्या वर्तनाचे निरीक्षण करून ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर तयार केला. २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. मे २०२२ मध्ये एन्व्हिडियाने नव्या कार्डांसाठीच्या ड्रायव्हरचा गाभ्याशी निगडित भाग खुला केला. या तिन्ही कंपन्यांची अभियांत्रिकी केंद्रे बेंगळुरूमध्ये आहेत.

जुळवणी कशी करावी?

पूर्वी ही जुळवणी हाताने करावी लागे. पडदा सेकंदास किती वेळा चित्र बदलू शकतो, हे आकडे एका फाइलीत लिहावे लागत. आकडे चुकल्यास जुन्या काचनळीच्या पडद्यास इजा होण्याचा धोका असे. आता पडदा आपली क्षमता स्वतःच संगणकास कळवितो आणि बहुतेक जुळवणी आपोआप होते. तरीही अडचण आल्यास पुढील क्रम पाळावा.

१. कार्ड ओळखावे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा, म्हणजे रोमन लिपीतील पाच लहान अक्षरे, दिल्यास संगणकातील भागांची यादी मिळते. प्रत्येक कंपनीस एक ओळख-क्रमांक असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. तिच्या १९७८च्या प्रसिद्ध प्रक्रियकाचेही तेच नाव आहे.

२. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. हे काम उद्यावर टाकू नये.

३. ड्रायव्हर आपल्या लिनक्स-आवृत्तीच्या अधिकृत संग्रहातूनच घ्यावा. उबुंटूमध्ये यासाठी स्वतंत्र खिडकी असते. इंटेल व एएमडीच्या कार्डांसाठी बहुधा वेगळे काही घ्यावे लागत नाही.

४. संगणक पुन्हा सुरू करावा. ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा चालू असेल, तर अधिकृत स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो, हे ध्यानात ठेवावे.

५. पडदा काळा राहिल्यास घाबरू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्यास बहुधा अक्षरांचा साधा पडदा उघडतो. तेथून नवा ड्रायव्हर काढून टाकता येतो. तेही न जमल्यास सुरुवातीच्या यादीतून ‘रिकव्हरी मोड’ किंवा गाभ्याची आधीची आवृत्ती निवडावी. दुभाषी बदलला, म्हणून घरातील सामान नष्ट होत नाही. तद्वतच ड्रायव्हर चुकला, तरी फाइली सहसा सुरक्षित असतात.

हे का शिकावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला. अनेक जुने संगणक तिच्या पुढील आवृत्तीस पात्र ठरत नाहीत. ज्याने काटकसरीने वापरलेला संगणक विकत घेतला आणि त्यावरच परीक्षेचा अभ्यास चालविला आहे, त्याला नवा संगणक घेणे परवडत नाही. अशा यंत्रावर लिनक्स बसविल्यास ते आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते. मात्र काळा पडदा पाहून जो धीर सोडतो, त्याचे चांगले यंत्र भंगारात जाते. ज्याला त्यामागील कारण ठाऊक असते, तो एकेक पायरी तपासतो आणि आपले काम पुढे चालू ठेवतो.

स्वाध्याय

१. ड्रायव्हरला दुभाषी का म्हटले आहे?
२. छपाई-यंत्राच्या प्रसंगातून स्टॉलमन यांना कोणती उणीव जाणवली?
३. पडदा काळा राहिल्यास कोणते उपाय करावेत, ते क्रमाने लिहा.
४. आपल्या परिसरातील एखादे जुने यंत्र दुरुस्त करून वापरात आणल्याचा प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.