जिप्सी : इंजिन लहान, वाट मोठी

मारुती जिप्सीत काय नाही याची यादी करायला बसलं तर कागद पुरत नाही. एसी नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही. मागची माणसं आडव्या बाकांवर एकमेकांकडे तोंड करून बसतात, आणि अनेक गाड्यांना छत म्हणजे नुसता कापडी हूड. तरीही डिसेंबर १९८५मध्ये आलेली ही गाडी २०१९पर्यंत फारसं रूप न पालटता विकली गेली. लष्कर, पोलीस, वनखातं आणि हिमालयातल्या रॅलींचे स्पर्धक, सगळ्यांनी तिला पसंती दिली.

मुळात ही जपानी सुझुकीची लांब बांध्याची एसजे ४१०. तिची बांधणी गुडगावला सुरू झाली. इंजिन ९७० सीसीचं, ताकद जेमतेम ४५ अश्वशक्ती. १९९६ साली १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली आणि पुढे एमपीएफआय या इंधन फवारणाऱ्या यंत्रणेमुळे ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. आजच्या एसयूव्ही पाहता हे आकडे किरकोळ वाटतात. पण जिप्सीचं वजन एक टनाच्या आसपास. जड गाडी जिथे चिखलात रुतते, तिथून ही हलकेच निघून जाते.

दुसरं बळ आहे ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत. एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. छोटा दांडा ओढला की पुढचीही चाकं ओढू लागतात, आणि ‘फोर लो’ या सर्वांत मंद टप्प्यात गाडी माणसाच्या चालीनं चढ चढते. जुन्या गाड्यांत त्याआधी खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हातानं ‘लॉक’ करावे लागत. म्हणजे ओढ्यात शिरण्यापूर्वीच विचार करायचा. पाण्यात पहिला गिअर धरायचा, अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा, मध्येच क्लच दाबायचा नाही. तीव्र उतारावर ब्रेकपेक्षा लो गिअरचं इंजिन भरवशाचं. खडकाळ वाटेवर अंगठे स्टिअरिंगच्या दांड्यांत अडकवायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं.

मर्यादाही ठाऊक हवी. एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोनातलं मागचं चाक अधांतरी झालं की सगळी ताकद त्या दोन चाकांतच वाया जाते. तिथे रेस वाढवून काही साधत नाही. खाली उतरून चाकाखाली दगड रचावे लागतात.

डांबरी रस्त्यावर मात्र जिप्सी परीक्षा पाहते. चारही बाजूंना पाटे असल्यानं रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला उसळते. उंच आणि अरुंद असल्यानं वळणावर वेग आवरावा लागतो. पेट्रोलही भरपूर पिते. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून चालवणं तर चूकच. मध्ये डिफरन्शियल नसल्यानं वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू शकत नाहीत आणि सगळा ताण गिअरांवर येतो.

महाराष्ट्रात जिप्सी मानानं जगते ती ताडोब्याच्या जंगल सफारीत. उघडी असल्यानं चौफेर दिसतं, आणि पेट्रोल इंजिन डिझेलच्या मानानं शांत. जंगलातला रस्ता सोडायला तिथे मनाई आहे. त्यामुळे चालकाचं कसब वेगळं असतं: धुरळा न उडवता जायचं, सांबराचा धोक्याचा कॉल ऐकू आला की लगेच इंजिन बंद करायचं.

सुरक्षेचे नवे नियम आले आणि सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी थांबली. ते योग्यच झालं. द्रुतगती मार्गावर कुटुंबाला घेऊन जाण्याची ही गाडी नव्हे. जुनी घेणार असाल तर रंगापेक्षा चॅसिसचा गंज आधी तपासा, फोर लो लावून आवाज ऐका, आणि कागदपत्रं पाहून घ्या. वाट संपल्यावर पुढे ज्यांचं काम असतं, त्यांच्यासाठी इतकी हलकी, साधी आणि गावच्या मेकॅनिकला उमगणारी गाडी आपल्याकडे क्वचितच झाली.