हलक्या विमानांचा नाद

गेल्या दिवाळीस घरातील सारी मंडळी धाराशिवास एकत्र जमली असता माझ्या पुतणीने आपला मनोदय सर्वांपुढे मांडला. ती बारावीस शास्त्रविषय घेऊन चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली असून पुढे वैमानिक व्हावे असे तिच्या मनाने घेतले आहे. शिक्षणाच्या खर्चाचा आकडा ऐकताच वडील बंधू गप्प झाले. कारण तो भागवावयाचा म्हणजे तेरणेकाठच्या सामाईक जमिनीस हात लावावयास हवा. मातोश्रींनी पैशाचा विषयच काढला नाही. ‘इंजिन मध्येच बंद पडले, तर?’ एवढेच त्यांनी विचारले.

मी वैमानिक नव्हे. परंतु लहान विमानांचा नाद मला शाळकरी वयापासून आहे, हे घरात सर्वांस ठाऊक. तेव्हा उत्तर देण्याचे काम साहजिकच मजकडे आले. असा प्रश्न आज ना उद्या वाचकांपैकीही कित्येकांच्या माजघरात निघणार, म्हणून ते उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहे.

विमानांचे शौकीन एकत्र जमले म्हणजे शेकडो उतारू नेणाऱ्या प्रचंड विमानांविषयी फारसे बोलत नाहीत. आमच्याकडचा शेतकरी खिलार बैलांविषयी जसा बोलतो, तसे ते दोन-चार आसनांच्या हलक्या विमानांविषयी बोलतात: कोणते सोशीक, कोणते हट्टी, कोणते नवशिक्याच्या चुका पोटात घालणारे. अमेरिकेतील ‘पायपर कब’ हे कापडाने मढविलेले, अवघ्या 65 अश्वशक्तीचे विमान त्यांस आजही प्रिय आहे. 1955 साली प्रथम उडालेले ‘सेस्ना 172’ तर 44,000 हून अधिक संख्येने तयार झाले. त्याचे पंख डोक्यावर असल्याने खालची शेते व नद्या विनाआडकाठी दिसतात. या आवडीचे मर्म त्यांच्या संथपणात आहे. मंद गतीनेही ती हवेत टिकतात, आणि म्हणूनच लहानशा जागेत उतरू शकतात.

आईच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. विमानास आकाशात तोलून धरतो तो पंख. इंजिन केवळ पुढे ओढते. इंजिन थांबले तरी विमान दगडासारखे कोसळत नाही. नाक किंचित खाली करून ते घसरत येते. सेस्ना एक किलोमीटर उंचीवर असता सुमारे नऊ किलोमीटर पुढे जाऊ शकते. म्हणजे धाराशिवावर इंजिन थांबले, तर तुळजापूरच्या जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत. पण दुसरी बाजूही मी आईपासून लपविली नाही. जमीन सोडल्यावर लगेच, उंची थोडी असता इंजिन बंद पडणे हे खरे संकट. त्या वेळी घाबरलेला नवशिका मागे वळून धावपट्टी गाठू पाहतो, वळता वळता त्याचा वेग मोडतो आणि घात होतो. समोर जी मोकळी जागा दिसेल तीत उतरणे, हे शिक्षक पुनःपुन्हा घोकून घेतात. शिवाय आमच्याकडील वैशाखात तापलेली हवा विरळ होते आणि विमानास जमीन सोडण्यास अधिक धाव लागते.

या हलक्या विमानांचा आपल्याकडील इतिहास जुहूपासून सुरू होतो. 1929 साली जे. आर. डी. टाटा यांस भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळी इंग्लंडातील ‘जिप्सी मॉथ’चा बोलबाला होता. तिचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ती लहानशा छपराखालीही मावे. 1929 साली आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने तोडणाऱ्या हिंदी वैमानिकास 500 पौंडांचे बक्षीस लावले. टाटा कराचीहून निघाले होते. ॲस्पी इंजिनिअर नावाचा किशोर इंग्लंडहून येत होता. मिसर देशात अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगवाचून अडलेल्या प्रतिस्पर्ध्यास टाटांनी आपले जादा प्लग दिले, आणि बक्षीस त्या मुलाने जिंकले! पुढे तोच भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी टाटांनी ‘पस मॉथ’मधून टपालाच्या थैल्या कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस आणल्या.

माझे स्वतःचे प्रेम मात्र ‘पुष्पका’वर. ते सिद्ध झाले ते आपल्या कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञापाशी अध्ययन करून ते परतले आणि 1940 साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात दाखल झाले. त्यांचे ‘एच. टी. 2’ हे शिक्षणाचे विमान 1951 साली उडाले, आणि 1958 साली पुष्पक. शेजारी शेजारी दोन आसने, 90 अश्वशक्तीचे इंजिन, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड. असा त्याचा साधा संसार. अमेरिकेच्या ‘एरॉन्का’ विमानावर ते बेतलेले आहे हे खरे. पण देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून त्याने कित्येक वैमानिक घडविले. उसनवारीचा हा दोष मला तरी मोठा वाटत नाही.

इतक्यात धाकट्या पुतण्याने पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे काढले. 2017 साली मुंबईत गिरगाव चौपाटीला ‘कोडिॲक’ नावाच्या अशा विमानाची चाचणी झाली, त्याचे चित्र त्याने कोठेतरी पाहिले होते. मग परंड्याकडील सीना-कोळेगावच्या जलाशयावर ते का उतरू नये?

उतरू शकेल. अशा विमानाच्या तळाखालच्या तराफ्यांस पायरीसारखा एक खाचा असतो; वेग येताच पाणी तेथून सुटते आणि विमान पृष्ठभागावरून निसटते. उभयचर विमानास चाकेही असतात आणि त्यांतच मोठा धोका आहे: चाके बाहेर राहिली असता पाण्यावर टेकले की ते उलटेच होते. पाणी आरशासारखे निश्चल असेल तर उंचीचा अंदाज चुकतो. बारीक लाटा असणेच बरे. आमच्याकडची अडचण मात्र निराळी. श्रावणात भरलेला जलाशय पाऊस हुकलेल्या वर्षी चैत्रापर्यंत आटतो, आणि तळाचे खडक व बाभळीची खोडे वर डोके काढतात. ज्या जिल्ह्यास पिण्याचे पाणी पुरत नाही, त्याने विमानास पाणी राखून ठेवावे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? शहराजवळ धावपट्टी आहे. बारामती, लातूर, नांदेड व यवतमाळ येथील धावपट्ट्यांसमवेत तीही 2009 साली खासगी कंपनीकडे दीर्घ कराराने दिली गेली होती. तिचा चांगला उपयोग व्हावा, हे मागणे अधिक रास्त.

‘मुलींचे हे काम नव्हे,’ असे एका वृद्ध आप्तांनी मध्येच म्हटले. त्यांस मी इतकेच सांगितले की, धाराशिव ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथील डेक्कन एअरवेजने 1947 साली प्रेम माथुर या महिलेस वैमानिकाची नोकरी दिली. सौदामिनी देशमुख यांनी तर 1985 साली केवळ महिला चालक असलेले फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले. आप्त पान लावण्यात गुंतले.

शेवटी मी बंधूंस सल्ला दिला, तो असा: व्यावसायिक परवान्यास 200 तासांचे उड्डाण लागते व खर्चाचा भार तेथेच आहे. तेव्हा जमिनीची बोलणी करण्यापूर्वी मुलीचे डोळे, कान व हृदय यांची अधिकृत वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. त्यात ती नापास झाली तर जमीनही वाचेल आणि मनस्तापही. हे सर्वांस पटले. तपासणीचा दिवस पौषात येतो म्हणून आईने पंचांग काढून तो पुढे ढकलावयास सांगितले. पुतणीने ऐकले नाही. ठरल्या दिवशीच आम्ही जाणार आहोत, आणि सोबत आईही येणार म्हणते.